खाजकुयलीच्या पुड्या

दवाखान्यातले किस्से केसपेपरसारखे असतात. एक ओढायला जावं तर चार खाली पडतात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशात शिकून मी पेणला परतले ती काचेच्या प्रयोगशाळेची स्वप्नं घेऊन. मिळालं काय? माझ्या जुन्या सरांच्या दवाखान्यामागची खोली, एक बाक आणि एक स्टॉपवॉच! काम मात्र मोठं होतं: खाजकुयलीच्या बियांची पावडर कंपवातावर खरंच चालते का, हे तपासायचं.

*

नारायणकाका गणपती कारखान्यात तीस वर्षं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. आता उजवा हात थरथरायचा. औषधाचं नाव ऐकून हसायलाच लागले. "खाजकुयली! शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाकलेली मी. आता माझ्याच पोटात घालतेस व्हय?"

*

रोह्याच्या सकीनाचाचींनाही कंपवात. त्यांना संमतिपत्र वाचून दाखवताना प्रत्येक कलमानंतर मी विचारायचे, "कबूल?"

अर्ध्या तासाने वैतागल्या. "बाय, माझा निकाह तीन 'कबूल'मध्ये उरकलेला. तुझी पावडर नवऱ्यापेक्षा भारी हाय काय?"

*

काहींना खऱ्या पुड्या, काहींना नुसत्या पिठाच्या. कुणाला कुठल्या, हे मलाही माहीत नसायचं. दर बुधवारी पेशंटने कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायचं. हात किती हलतो ते रेघेत दिसतं.

काकांची रेघ शेताच्या बांधासारखी वेडीवाकडी. "गणपती जवळ आले गो. मालक म्हणतो, यंदा ब्रश दुसऱ्याला देतो."

आणि एका बुधवारी वेटोळं आलं ते एकदम गुळगुळीत! काकांनी त्याच्या मधोमध दोन डोळेही आखले. मी आनंदाने ओरडलेच.

काका मान खाली घालून म्हणाले, "हात माझा, पण गुण सकीनाबायच्या पुडीचा हाय."

तीन आठवडे दोघं बाकावर बसून आपापल्या पुड्या निम्म्या-निम्म्या वाटून घेत होते!

"चाची, असं का केलंत?"

"मला गुण आला, त्याला नाय. शेजारी बसून एकटीनंच खाऊ? गणपती तोंडावर आलेत त्याचे!"

नियमाप्रमाणे दोघंही चाचणीतून बाद, पुड्या बंद. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. ती सुंदर रेघ माझ्या निकालात शोभली असती. रात्रभर कागद उशाशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टरमधली दोन्ही नावं लाल पेनाने खोडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वाटून खाल्लं.' मग सरांना विचारून खऱ्या पावडरचे दोन डबे भरले. एक रोह्याच्या गाडीसाठी बाजूला ठेवला आणि दुसरा घेऊन कारखान्याची वाट धरली.