मंगळीच्या तोंडाचा बाप्तिस्मा

उमरोळीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी जो पाडा आहे, तिथं मंगळीच्या शिव्यांना मान होता. कुणाचं भांडण अंगाशी आलं की लोक तिला बोलवायला येत. ती कासोटा खोचून उभी राही आणि ‘तुज्या चुलीत कुत्री विऊ दे’ इथून सुरुवात करून समोरच्याच्या सात पिढ्या अशा उकरून काढी की बघ्यांनासुद्धा आपापली पापं आठवत.

अशा बाईनं चौसष्ट सालच्या थंडीत बाप्तिस्मा घेतला.

त्याचं असं झालं. नगरकडून आलेले नागोराव पास्तर पाड्यावर येऊन गोष्टी सांगत. एकदा त्यांनी सांगितलं की प्रभूच्या जवळच्या शिष्यांत एक कोळी होता. तोंडाचा फटकळ. प्रभूला धरून नेलं तेव्हा ऐन वेळी शिव्याशाप देत, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही म्हणून मोकळा झाला. तरी प्रभूनं त्याला टाकलं नाही.

मंगळी भात कांडत होती. तिचं मुसळ वरच्या वर थांबलं.

“शिव्या देनारा चालतो?”

“पश्चात्ताप केला तर चालतो.”

“मंग आमी पन चालू.”

नवरा भिका मात्र या भानगडीत पडला नाही. घरात एक तरी माणूस शिव्या द्यायला मोकळं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

पास्तरांनी तिला सूर्या नदीत बुडवून वर काढलं. पाणी हाडं फोडणारं होतं. डोकं वर येताक्षणी तिच्या तोंडून जे बाहेर पडलं, त्यानं काठावरचं भजन जागच्या जागी थांबलं.

“पाप बुडालं ना?” लुगडं पिळत तिनं विचारलं. “मंग ह्ये कुठून आलं?”

“बाप्तिस्मा एकदाच असतो, मंगळीबाई,” नागोराव दात वाजवत म्हणाले. “मन मात्र रोज वळवावं लागतं. रोज उठून म्हणायचं, प्रभू, आजही मी तुझी.”

“रोजच करायचं, तर येवढ्या थंडीत बुडवलं कशाला?”

पास्तरांनी थांबलेलं भजन पुन्हा सुरू केलं.

पण रोज मन वळवायचं तिनं मनावर घेतलं. उठली की चुलीपुढं बसे. “प्रभू, मी तुजी हाय. आज कोनाला काय नाय बोलायची.” मग चूल पेटवायला जाई, लाकूड ओलं निघे आणि पुण्य तिथंच संपे. ती पुन्हा हात जोडी. “लाकडाला बोलले, मानसाला नाय. पुन्यांदा सुरू करू.”

“तुजा देव कंटाळंल,” भिका म्हणे.

“तू कंटाळलास काय?”

“मी नवरा. मला जायाला जागा नाय.”

“त्याला पन नाय. त्यानं वचन दिलंय.”

हळूहळू तिचं पुण्य दुपारपर्यंत टिकू लागलं. पाड्याची फार गैरसोय झाली.

पुढच्या उन्हाळ्यात बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी पसरायचं काम निघालं. मंगळी आणि तिची पोटुशी भावजय लाडकी तिथं जाऊ लागल्या. मुकादम होता बन्सी, कुठूनसा उत्तरेकडून आलेला. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला त्यानं कुलूप लावलं होतं. एका दुपारी पिंप उघडून तो त्याच पाण्यानं आपली नवी सायकल धूत बसला. लाडकीनं पाणी मागितलं.

“खाने की छुट्टी में,” तो म्हणाला.

लाडकी खाली बसली आणि तिचे डोळे फिरले. सगळ्या बाया मंगळीकडे बघू लागल्या. त्या दिवशी सकाळपासून मंगळी एक वावगा शब्द बोलली नव्हती.

“मुकादम, पानी दे. बाय पोटुशी हाय.”

बन्सी हसला आणि भरलेला गडू चाकावर ओतला.

मंगळीनं आभाळाकडं बघितलं. “प्रभू, तू जरा कान झाक,” म्हणाली आणि सुटली. रस्त्यावरचे बैल थांबले. बन्सीच्या हातातला गडू पडला. तो भानावर येईतो बायांनी लाडकीला पाणी पाजून सावलीत नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पास्तरांच्या दारात हजर. बातमी आधीच पोचली होती.

“पास्तर, पाप झालं.”

“अहो, तहानलेल्याला पाणी न देणं हेच पाप,” नागोराव म्हणाले. खरं तर ते मनातून खूश होते.

“ते त्याचं. माजं येगळं. मी त्याच्या आयशीला मधी आनली. त्या बिचारीनं काय केलं?”

“मग प्रार्थना करू.”

“ती झाली चुलीपुढं. आता त्याला सांगाया पायजे. तुमी संगं चला. माजी जीभ सुटली तर धरा.”

जीभ कशी धरतात ते नागोरावांना ठाऊक नव्हतं. तरी ते छत्री घेऊन निघाले.

कामावर सगळ्यांच्या देखत ती बन्सीपुढं उभी राहिली. “काल तुज्या आयशीला बोलले ते माघारी घेतलं. माफ कर.”

बन्सी वाट बघत राहिला. “और बाकी?”

“बाकीचं तुजंच हाय. ऱ्हाऊ दे तुज्यापाशी.”

नागोरावांना जोराचा खोकला आला. बाया पदरात तोंड घालून हसल्या. बन्सी हसला नाही.

“माँ तो गुजर गई,” तो खाली बघत म्हणाला. “पिछले साल.”

बन्सी वळला, पिंपाचं कुलूप काढून त्यानं खिशात टाकलं आणि सायकल घेऊन पुढच्या टोळीकडे गेला. एवढ्यानं तो काही संत झाला नाही. कामचोर म्हणून बायांवर ओरडायचा तो ओरडतच राहिला. पिंप मात्र त्या उन्हाळ्यात उघडंच असे.

मंगळीनं पास्तरांना विचारलं, “मेलेल्या बाईची माफी कशी मागायची? तिच्यासाठी प्रार्थना सांगा.”

“आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, मंगळीबाई.”

“मंग तुमी नका करू,” ती म्हणाली आणि खडीच्या ढिगाला टेकून डोळे मिटून बसली.

नागोरावांनी थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर छत्री धरून ते उन्हात उभे राहिले.