बाबांच्या रंध्याचा आवाज

ताज्या तासलेल्या सागवानाचा वास आला की येरवड्यातली आमची गॅलरी आठवते; बाबा तिथेच सुतारकाम करायचे. बाबा जाऊन महिनाच झाला होता आणि मी त्यांच्या रंध्याने लेकीसाठी पाळणा करत होतो. रंधा सारखा अडकून लाकूड ओरबाडत होता. आई स्वयंपाकघरातून आली. तिने आयुष्यात रंधा धरला नव्हता. “असा नाही रे वाजायचा त्यांचा,” ती म्हणाली. मी मागून हलकेच ठोकून पातं जरा आत घेतलं आणि रंधा फिरवला. “अजून नाही.” पुन्हा ठोकलं. अचानक एक लांब सळसळ झाली आणि आरपार दिसेल इतका पातळ पापुद्रा निघाला. आई डोळे मिटून उभी होती. “हाच,” ती म्हणाली, “थांबू नकोस.” भिंतीपलीकडून ती आयुष्यभर काय काय ऐकत होती, या विचाराने मी आजही थक्क होतो.