दोन्या ओब्दुलियाची हजेरी

दोन्या ओब्दुलिया मारेको विद्यापीठात शिकवत नव्हती. पण पासो कोरालमध्ये विद्यापीठाचा पत्ता विचारलात, तर लोक आधी तिच्याच घराकडे बोट दाखवायचे. आमच्या या लाल मातीच्या गावात राष्ट्रीय विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर आणि परिचारिकांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. फी एक पेसोसुद्धा नाही. ओब्दुलिया तिथली शिपाईबाई; 'दोन्या' म्हणजे आमच्याकडे मानानं 'बाई'. खोल्या उघडायच्या, फळे पुसायचे, 'माते' या आमच्या कडू चहासाठी पाणी तापवायचं आणि हजेरी घ्यायची.

ती जन्मली यर्ब्याच्या, म्हणजे त्याच मातेच्या पानांच्या मळ्यात, काळ्या प्लास्टिकच्या पालाखाली. आईबाप यर्ब्याची पानं तोडायचे, पुढे तीही तेच करू लागली. चाळिशी उलटली तरी तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. मग याच उपकेंद्राच्या साक्षरता वर्गात ती शिकली आणि दोन वर्षांनी तिथेच कामाला लागली. "मला अक्षर सरकारनं दिलं," असं ती म्हणायची. सरकारला शिव्या घालण्याची आमच्या गावाला जी हौस आहे, तिच्यात ही बाई कधी सामील झाली नाही. खरं सांगायचं तर आम्हाला तिचा रागच यायचा.

आता हजेरीचं. एप्रिल ते सप्टेंबर यर्ब्याची तोडणी चालते आणि अर्धा वर्ग मळ्यात जातो. विद्यापीठाचा नियम असा की, सलग पंधरा दिवस गैरहजर राहिला की नाव कापायचं. ओब्दुलियाचा हात काही त्याला धजेना. 'पोरी पळून का गेल्यात? पोटाच्या मागे गेल्यात, येतील परत.' तिनं आपल्याच डोक्यानं एक खूण काढली. हजर त्याला टिंब, गैरहजर त्याला फुली आणि तोडणीला गेलेल्याला एक चिमुकलं पान. प्राध्यापक ते बघून हसायचे आणि खाली सही ठोकायचे. राजधानीतले लोक फुल्या तेवढ्या वजा करायचे. अशी अकरा वर्षं गेली. कागदावर विद्यार्थी त्रेचाळीस आणि जूनमधल्या आमच्या हिवाळ्यात बाकांवर सतरा.

त्याच जूनमध्ये ब्युनॉस आयरेसहून तपासनीस आली. नोएमी इबार्रा तिचं नाव. विद्यार्थी नसताना त्यांच्या नावावर सरकारचा पैसा घेणारी केंद्रं शोधायची आणि बंद करायची, हे तिचं काम. केंद्रप्रमुख कासिमिरो हिर्निक यांची पाचावर धारण बसली.

"दोन्या, ती पानं तेवढी खोडून टाका."

"शाईची आहेत, प्रोफेसर."

"मग पुस्तकांवर माते सांडलं म्हणून सांगू."

"अकरा वर्षांच्या पुस्तकांवर एकाच दिवशी? शिकलेला माणूस ना तुम्ही!"

इबार्राबाईंनी पुस्तकं मागवली आणि दोन दिवस खोलीत बसून वाचली. तिसऱ्या दिवशी ओब्दुलियाला समोर बसवलं.

"हे पान म्हणजे काय?"

"तोडणीला गेलीय, म्हणजे ते पान."

"म्हणजे वर्गात नाही. तरी नाव आहे आणि त्या नावाचे पैसे आलेत. बाहेर याला काय म्हणतात, ठाऊक आहे? सव्वीस खोटे विद्यार्थी. एवढ्यावर हे केंद्र मी उद्या बंद करू शकते."

 ओब्दुलिया उठली आणि हजेरीपुस्तक काखेत मारून म्हणाली, "खोटे आहेत की खरे, चला बघायला. पहाटे ट्रक निघतो. तुमची गाडी चिखलात रुतेल आणि ते बूटही काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मळ्यात धुकं अजून विरलं नव्हतं, तोवर ओब्दुलिया झुडपांच्या ओळींमध्ये पुस्तक उघडून उभी राहिली. मुकादम धावत आला.

"ए बाई, इथं शाळा भरवतेस का?"

"भरवतेय. गप राहा, नाहीतर तुलापण बाकावर बसवीन." आणि तिनं खणखणीत आवाज दिला, "दुआर्ते, लिबोरिया!"

"हजर!" झुडपामागून आवाज आला.

"कार्वाल्यो, झुल्मा!"

"हजर, दोन्या! शरीरशास्त्राचं पुस्तक पालात आहे, आणू?"

प्रत्येक हाकेला पाल्याच्या गाठोड्यामागून एकेक डोकं वर यायचं. इबार्राबाई चिखल तुडवत प्रत्येकीपाशी गेल्या, ओळखपत्र पाहिलं आणि एकेक प्रश्नही विचारला.

"हृदयाला कप्पे किती?"

"चार, बाई," झुल्मा म्हणाली. "आमच्या मुकादमाला मात्र एकही नाही."

सगळा मळा हसला. इबार्राबाईसुद्धा हसल्या, पण लिहिणं थांबलं नाही.

बावीस जणी हजर निघाल्या. चार हाकांना उत्तर आलं नाही. दोघी पोसादास शहरात घरकामाला गेल्या होत्या, एकीनं लग्न करून ब्राझील गाठलं होतं. चौथ्या नावाला सगळ्याच खाली बघून पानं गोळा करू लागल्या.

"फ्लोरेन्तिना आयाला," इबार्राबाईंनी वाचलं. "कुठे आहे?"

"गेल्या वर्षी तोडणीचा ट्रक उलटला, त्यात गेली," ओब्दुलिया म्हणाली. "मला माहीत होतं. पान काढत राहिले."

"आणि तिचा बाक अडून राहिला. बाहेर एखादी मुलगी प्रवेशासाठी थांबली असेल, तिला काय सांगायचं?"

 ओब्दुलियानं पेन मागितलं आणि चारही नावांवर स्वतःच्या हातानं रेघ मारली. शेवटची रेघ मारताना ती रडली, आणि तिथल्या पोरीही रडल्या.

मग सगळ्यांनी शेकोटीशी बसून पिठाचं तळलेलं रेविरो खाल्लं. इबार्राबाईंनी विचारलं, "तोडणीप्रमाणे वेळापत्रक बदला, असं मंत्रालयाला कुणी कळवलं नाही?"

"मी तीन पत्रं लिहिली."

"उत्तर?"

"तुम्हीच आलात की. पहिलंच उत्तर."

बाईंनी पत्रांच्या तारखा विचारून लिहून घेतल्या. "मग जाब तिकडच्या टेबलांनाही द्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "पण दोन्या, खोटं ते खोटं. तुमचंही मी लिहिणार."

"लिहा ना. लिहायलाच हवं."

सप्टेंबरात मंत्रालयातून दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं की अभ्यासक्रम चालू राहील, विद्यार्थी एकोणचाळीस, आणि वर्ग यापुढे ऑक्टोबर ते मार्च भरतील. तिन्ही पत्रं उत्तराविना पडून राहिली, ही चूक मंत्रालयानं कबूल केली होती. दुसरा कागद म्हणजे ओब्दुलियाला लेखी ठपका. कासिमिरोंनी तो खिशात घातला. साठीच्या बाईला कशाला दुखवायचं? पण तिला पत्ता लागलाच.

"माझ्या नावाचा आहे ना? मीच वाचणार."

ती उभ्या उभ्या, बोट फिरवत, मोठ्यानं वाचत गेली. श्रीमती ओब्दुलिया मारेको यांनी नियमबाह्य खूण वापरली. मयत विद्यार्थिनीचे नाव कमी केले नाही. पुन्हा असे घडल्यास कारवाई होईल. अकरा हजेरीपुस्तकांची सर्व दोन हजार तीनशे बारा पृष्ठे तपासण्यात आली आहेत.

इथे तिचं बोट थांबलं. तिनं ती ओळ परत वाचली आणि मग मटकन बाकावर बसली.

"मनाला लावून घेऊ नका, दोन्या," कासिमिरो म्हणाले. "फाडून टाकू हवं तर."

"फाडाल तर खबरदार! चौकट करायचीय मला याची." ती डोळे पुसत हसत होती. "अकरा वर्षं लिहीत होते, प्रोफेसर. तुम्ही सही करायचात. त्या बाईनं सगळं वाचलं हो."