गुरुवारी अकरा ते साडेबारा

जिभेने खोटे न बोलताही माणूस खोटे वागू शकतो, आणि ते पाप अंगाला अधिक चिकटते. कंट्रोलरकाकांना हे उतारवयात उमगले.

काका बस आगारात वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी केव्हा सुटेल आणि कोणता चालक चहाला किती वेळ लावील, सारे त्यांना तोंडपाठ. आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढून निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी तिसऱ्या मजल्यावर स्वतःचे घर घेतले. काकूंनी पडदे शिवले, काकांनी दाराला पितळी कडी बसवली, आणि देवाचे नाव घेऊन दोघे राहायला आले. त्याच दुपारी भिंतीपलीकडून गर्जना झाली : हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन.

शेजारी दोघे भाऊ राहत. कर्णे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा आणि घर हाच कारखाना. प्रत्येक कर्णा पूर्ण आवाजात वाजवून पाहिल्याशिवाय ते हातावेगळा करीत नसत. काका हात जोडून गेले, तर थोरला म्हणाला, "काका, घर बघायला आलात तेव्हा कान आगारातच विसरलात का?" दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कर्ण्यांची तोंडे भिंतीकडे वळली. पोलीस आले की सामसूम, गेले की दुप्पट. आठव्या महिन्यात काकूंना झोपेची गोळी लागू लागली, तेव्हा काकांनी घर विकायचे ठरवले.

आणि इथेच त्यांची विद्या त्यांना बुडवायला उठली. त्यांनी शेजाऱ्यांचे वेळापत्रक आखले. दर गुरुवारी अकराला भाऊ तयार माल टेम्पोत घालून पोहोचवायला जात, साडेबाराला परतत. तेवढा दीड तास घर गाभाऱ्यासारखे शांत. घर पाहायला यायचे तर याच वेळी, असे काकांनी दलालाला बजावले.

आली ती रुग्णालयातली एक सिस्टर, चाळिशीची, एकटी. झोपायच्या खोलीत ती डोळे मिटून उभी राहिली. म्हणाली, "मला कायम रात्रपाळी असते, काका. दिवसा झोप मिळत नाही म्हणून तर जागा बदलतेय. किती शांत आहे हो इथे!" मग तिने शेजाऱ्यांविषयी विचारले. काका म्हणाले, "दोघे भाऊ आहेत. कष्टाळू माणसं. आता कामावर बाहेर गेलीत." यात एक अक्षर खोटे नव्हते. ती हरखली, तिथल्या तिथे विसार देऊन घर पक्के करून गेली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आपल्यालाही हे घर गुरुवारीच दाखवलं होतं."

एवढेच बोलून त्या आत गेल्या. ज्या जुन्या मालकाला काकांनी आठ महिने उठता-बसता शाप दिले, ते सारे शाप आता पत्ता विचारत त्यांच्याच दारी आले. देवापुढे बसावे तर हात जुळत, मान मात्र वर होईना. परमेश्वर रागावला असता तर सोसले असते. त्याची ती नेहमीची मायाळू नजर सोसवेना. तीन दिवस असे गेले. चौथ्या सकाळी काकांनी दलालाला सांगितले, गिऱ्हाईक कोणत्याही वेळी आण आणि कर्ण्यांचे आधी सांग. "मग कसलं विकलं जातंय घर!" दलाल म्हणाला. "नाही तर नाही," काका म्हणाले, आणि रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

आठला पाळी सुटली. काकांनी काही राखून न ठेवता सगळे सांगितले. व्यवहार मोडा, तुमचा विसार परत देतो, म्हणाले. सिस्टर खांद्यावरची पिशवी सावरत ऐकत होती; जागरणाने तिचे डोळे लाल झाले होते.

"मी खोली सोडतेय असं मालकाला सांगून बसले, काका. परवा तिथे दुसरी माणसं येताहेत."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मी दिवसा झोपते, हे मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"हो."

"तुम्ही 'कष्टाळू माणसं, बाहेर गेलीत' म्हणालात, त्याच्या आधी की नंतर?"

"आधी," काका म्हणाले.

तिने मान हलवली आणि समोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. तिची गाडी यायला अजून वीस मिनिटे होती, हे तिथे एकट्या काकांना ठाऊक होते. सांगावे, म्हणून ते दोन पावले पुढे गेले. पण आपल्या तोंडून वेळ ऐकून ती विश्वास कसा ठेवील, या विचाराने त्यांचे पाय तिथेच खिळले. ती उन्हात उभी होती, आणि गाडी येईपर्यंत काकाही पलीकडे तसेच उन्हात उभे राहिले.