तीन नंबरचं चित्र येत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथेही मी भलतंच काहीतरी बोलत राहते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. आणि काळजी करू नका, मी रडबिड करणार नाही. तेवढा तरी त्रास तुम्हाला नको.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. सोलापुरात. लोकांना वाटतं, लग्न उरकल्यावर निवांत बसून कापाकापी करायची असते. आमच्याकडे तसं नव्हतं. स्टुडिओच्या शेठना एक टूम सुचली होती — दुपारी मुहूर्त लागला की तासाभरात, पंगतीत बसलेल्या पाहुण्यांना त्याच लग्नाची पाच मिनिटांची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवायची. पाहुणे जिलेबी खातायत आणि समोर सकाळची हळद चाललीय. लोक वेडे व्हायचे. आपल्याला सहा महिन्यांपूर्वीचं लग्न आठवत नाही, पण दोन तासांपूर्वीचं पडद्यावर बघून डोळे पुसणारे मी पाहिलेत.

त्यासाठी मी कार्यालयात स्टेजमागच्या खोलीत बसायची. एरवी तिथे पातेली ठेवतात, नाहीतर रुसलेला पाहुणा. चार कॅमेऱ्यांच्या चार केबली माझ्यापर्यंत यायच्या. कॅमेऱ्यात कार्ड घालायची पद्धत शेठनी बंद केली होती. बाहेरचं सगळं केबलमधून येऊन माझ्या मशीनवर रेकॉर्ड व्हायचं आणि रेकॉर्ड होता होताच मी ते कापायला घ्यायची. फाइल तिकडून वाढतेय, इकडून मी कापतेय. दूध तापत असतानाच साय काढायला बसल्यासारखं. या कामाचा नियम एकच — रेकॉर्डिंगच्या बटणाला हात लावायचा नाही. एकच नियम. मला पाठ होता.

तीन नंबरचा कॅमेरा मल्लिनाथकाकांचा. जवळचा कॅमेरा — चेहरे, हात, डोळे. काका अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, बाहेर मराठी, साठीला टेकलेले. मला त्या खुर्चीत बसवलं ते काकांनी. शेठ म्हणत होते, दिवसभर कार्यालयात, वायरी, धावपळ, पोरीला झेपणार नाही. काका म्हणाले, "बसंल की. डोस्कं हाय तिला. चुकली तर माझं नाव घ्या."

मी घेतलंच की.

काकांची एक सवय होती. केबल लावली की दोनदा ओढून बघायचे. लावली, ओढली, परत ओढली. मग मला फोन — "येतंय का गं?" मी "येतंय काका" म्हटल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. आम्ही सगळे हसायचो त्यांना. मी जरा जास्तच.

ते लग्न आमच्याच लोकांतलं होतं. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो. नवरीची आई अंबूबाई. नवरा लवकर गेला, विड्या वळून तिनं मुलगी मोठी केली. आणि मुहूर्ताच्या वेळी ती कुठे होती? शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर. कन्यादानाला दीर-जाऊ. तिला कुणी "मागे जा" म्हणालं नाही, आपल्याकडे म्हणत नाहीत — पण "इथं थांब" असंही कुणी म्हणालं नाही. ती आपली आपणच उठून गेली. मात्र त्याआधी, सकाळी, ती काकांकडे आली होती. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, पोरीचा मुहूर्त मी टीव्हीत बघणार, तेवढा नीट घ्या.

काकांनी लगेच मला फोन लावला. तुमच्यात नेमका कुठला क्षण धरायचा, म्हणून विचारलं. मी सांगितलं — मधे पडदा धरतात, नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, मग पडदा खाली येतो आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. तेच लग्न. बाकी सगळा गोंगाट. काका म्हणाले, "मग मी तितनं हलतच न्हाय."

आता मी काय केलं ते.

मुहूर्ताला वीसेक मिनिटं होती. मी फिल्ममध्ये सकाळची हळद जोडत होते आणि तीन नंबरचं चित्र अडखळत होतं. वाढती फाइल कधीकधी चालते, कधी ठेचकाळते. ती पूर्ण झाली की सुरळीत होते — पण पूर्ण करायची म्हणजे रेकॉर्डिंग थांबवायचं. मला वाटलं, दोन सेकंदांचं तर काम. थांबवायचं, फाइल घ्यायची, परत चालू करायचं. कुणाला कळणार आहे? मी थांबवलं. हळद लोण्यासारखी चालायला लागली. मी खुश झाले, गाणं बसवलं, त्यात बुडाले — आणि परत चालू करायचं राहून गेलं.

समोर टीव्हीवर चार चौकोन होते. तिसऱ्या चौकोनात चित्र होतं, लख्ख. फक्त कोपऱ्यातला रेकॉर्डिंगचा लाल ठिपका नव्हता. मुहूर्ताच्या अगदी तोंडावर काकांचा फोन — "येतंय का गं?" मी मान वर केली, चौकोनाकडे बघितलं आणि म्हटलं, "येतंय काका, एक नंबर." येतच होतं ना. साठत नव्हतं, एवढंच.

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, मी मुहूर्त शोधायला गेले आणि तीन नंबरला काहीच नव्हतं. एक नंबरला लांबून माणसांची डोकी. दोन नंबरला अंबूबाईच्या दिराची पाठ. चार नंबर वरून, क्रेनवरचा — त्यात फक्त पडदा आणि फेटे. म्हणजे तो क्षण कुठेच नव्हता.

विसरणं हा काही गुन्हा नाही. इथपर्यंत मी सगळ्यांना तोंड दाखवू शकले असते. शेठ ओरडले असते, कदाचित घरी बसवलं असतं. पण मी काय केलं? उठले, बाहेर गेले. काका पाणी प्यायला गेले होते. स्टेजशेजारी तीन नंबर उभा होता. मी वाकले आणि त्याची केबल अर्धी उपसून ठेवली. हाताला जोर लावावा लागला. दोनदा ओढून बघितलेली केबल होती ती.

मग शेठकडे जाऊन म्हटलं, मुहूर्ताला तीन नंबर आलाच नाही, काय झालंय बघा जरा.

सगळे जमले. केबल लोंबत होती. काका म्हणाले, "मी वडून बगितली व्हती. हिला फोन बी केलता की." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, ते अर्धं मिनिट असेल. अर्ध्या मिनिटात माणूस किती खाली जाऊ शकतो? मी म्हटलं, "हो, आला होता फोन. मी म्हटलं होतं काका, चित्र तुटतंय, केबल बघा."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी थांबले होते की आता भडकतील, खोटारडी म्हणतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले. खरंच आठवायला लागले. आणि म्हणाले, "म्हनली आसशील पोरी. गोंधळात मला ऐकू आलं नसंल."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःपेक्षा जास्त.

पुढे शेठनी त्यांना तीन नंबरवरून काढलं, मग कामावरूनच. तेही मी पचवलं. पण काकूंनी एकदा सांगितलं — काका आता घराचं कुलूप दोनदा नाही, सात-आठदा ओढतात. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, काकूंना विचारत राहतात. डॉक्टर म्हणाले, वय झालं. स्कूटर त्यांनी आपण होऊन विकली. म्हणाले, ब्रेक दाबला की न्हाय हेच मला कळंना झालंय. चांगल्या माणसाला मी त्याच्याच डोक्याची भीती घातली. एका वाक्यात.

आणि अजून आहे. संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही तेव्हा वाटलं होतं.

काकांना अंबूबाईची माफी मागायची होती. तिला मराठी बेताचं, म्हणून त्यांनी कुणाला बरोबर घ्यावं? मला. माझ्याच गाडीवर मागे बसून आले, हातात केळ्यांची पिशवी. अंबूबाई दारातच बसली होती, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. काका उभ्याउभ्याच हात जोडून म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. केबल नीट लावली न्हाय मी." आणि माझ्याकडे बघितलं — सांग म्हणून.

मला ते वाक्य तसंच्या तसं तेलुगूत म्हणायचं होतं. चूक माझी आहे. एवढंच. ओठांपर्यंत आलं आणि मी ते फिरवलं. काकांकडे बोट केलं आणि म्हटलं, यांची चूक झाली, असं म्हणतायत.

अंबूबाई विडीला दोरा गुंडाळत राहिली. मग तिनं मला विचारलं, काकांना नाही — तू आत टीव्हीपुढे बसली होतीस ना? तुला तरी दिसलं असेल. कशी दिसत होती माझी पोर?

माझी गोष्ट केबलवर उभी होती. केबल सुटलेली, तर चित्र आलेलंच नसणार. मग मी बघितलं असं कसं म्हणू? मी म्हटलं, "नाही अक्का. आत काहीच आलं नाही."

तिनं मान हलवली. येताना काकांनी विचारलं, काय म्हनली गं बाई? मी म्हटलं, जाऊ द्या म्हणाली. रस्त्यात ते दोनदा म्हणाले, लई मोट्या मनाची बाई. मी गाडी चालवत राहिले.

अंबूबाईची मुलगी लग्न होऊन लांब गेली. स्टुडिओत आता माझा शब्द चालतो. कुठला कॅमेरा कुणाला, हे मी ठरवते. काका कधीतरी येऊन बाकड्यावर बसतात आणि नव्या कॅमेरामनला त्यांची चूक सांगतात. मी केबल लावाय इसरलो व्हतो, तुमी इसरू नका. इतक्या उघडपणे सांगतात, लाजत नाहीत. मी आत बसून ऐकते. एकदाही बाहेर आलेले नाही.

मी बघितलं होतं. "येतंय काका" म्हणून फोन ठेवला आणि नजर त्या चौकोनावर राहिली, पुरतं बघितलं. पडदा खाली आला. नवरा हसत होता. पोरीच्या भुवईला जिऱ्याचा एक दाणा चिकटला होता. तिनं नवऱ्याकडे बघितलंच नाही. मान उंचावली आणि उभ्या माणसांच्या डोक्यांवरून शेवटच्या रांगेकडे बघत राहिली — आई दिसतेय का म्हणून. बराच वेळ. सगळे अक्षता टाकण्यात होते, कुणाचं लक्ष नव्हतं. अंबूबाईच्या पुढे माणसं उभी होती, तिला दिसणं शक्य नव्हतं.

काकांचा कॅमेरा त्या पोरीच्या तोंडावरच होता. जराही हलला नाही. केबल घट्ट होती.