कॉम्प्युटर नसलेला कॉम्प्युटर क्लास

अख्ख्या नगर जिल्ह्यात कॉम्प्युटरवर आमच्या टायपिंगवाल्या काकांइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि तेही तो डोळ्यांनी न बघता! कोल्हारला त्यांचा टायपिंगचा क्लास होता. साखर कारखान्यात कॉम्प्युटर येणार अशी आवई उठली मात्र, काकांनी नगरहून कमांडांचं एक पुस्तक आणलं, आठवड्यात तोंडपाठ केलं आणि दारावर ‘कॉम्प्युटर क्लास’ अशी नवी पाटी ठोकली. यंत्र कुठंय म्हणून विचारलं की म्हणायचे, "घर हाय की एवढं मोठं!"

आणि खरंच, त्यांनी घराचाच कॉम्प्युटर केला. डिरेक्टरी म्हणजे फायली ठेवायचा कप्पा; पडवी ही मुख्य डिरेक्टरी, तिच्या पोटात माजघर, त्याच्या पोटात स्वयंपाकघर. ‘सीडी’ म्हणजे कप्पा बदलणं; ‘सीडी माजघर’ असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती. मागं फिरायचं तर ‘सीडी डॉट डॉट’. ‘डीआयआर’ म्हटलं की आम्ही क्लासच्या सहाजणी फडताळापुढं उभ्या राहून आतली एकेक वस्तू घडाघडा वाचायचो, हळद-मिठासकट. ‘डेल’ म्हणजे पुसून टाकणं. ते शिकताना माझ्या हातून काकूंची वाणसामानाची यादी चुलीत गेली. काकू कडाडल्या, पण काका टाळ्या पिटत म्हणाले, "गेलं ते गेलं! डेल केलेलं परत येत न्हाई, पोरींनो, ध्यानात ठिवा!" एकदा काकू अडगळीचं खोकं फेकायला निघाल्या, तर काका दारातच आडवे. "आधी आतलं एकेक डेल कर. भरलेली डिरेक्टरी मोडत न्हाई."

"तुमचं डोस्कं मोडतं का बघू," काकू म्हणाल्या.

गाव पोट धरून हसायचं. दोन वर्षांनी कारखान्यात ऑपरेटरची जागा निघाली आणि काकांनी मला पुढं केलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. "तू नापास झालीस तर मी समदं चुकीचं शिकवलं आसं व्हईल. मग क्लास बंद."

परीक्षेला तेच मला एसटीनं घेऊन गेले. चपला बाहेर काढून मी कॉम्प्युटरच्या गार खोलीत शिरले. काका दाराच्या काचेला नाक लावून उभे. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "डिरेक्टरी बनवा, फाईल तिच्यात कॉपी करा, जुनी पुसा." मी डोळे मिटून पडवीतून माजघरात गेले आणि बोटं आपोआप चालली. पडद्यावर सगळं हुबेहूब काका सांगायचे तसंच! मला तिथंच ओरडावंसं वाटलं. "सगळं बरोबर! कुठं शिकलात?" साहेबांनी विचारलं. मी काचेकडं बोट दाखवलं.

काकांना आत बोलावलं. "साहेब, एकदाच हात लावू का?" साहेबांनी मान डोलावली. टाइपरायटरवर न बघता दहा बोटं नाचवणाऱ्या माणसानं एका बोटानं, शोधत शोधत, ‘डीआयआर’ उमटवलं आणि ते थांबले. आमच्यावर हुकूम सोडणारे काका माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "एन्टर दाबू का गं?"

मला एकदम भरून आलं. "दाबा, काका."

यादी सरसर वर सरकली. काका ओठ हलवत एकेक नाव वाचत राहिले. एसटी चुकेल म्हणून मीच त्यांना घाई केली. पुन्हा कधी त्यांना कॉम्प्युटरपुढं बसायला मिळालं नाही. त्या घाईचं मला अजून वाईट वाटतं.