आबांच्या अंगठ्यावरची शाई

इस्पितळात आबांचा हात पुसताना अंगठ्याला निळी शाई दिसली. माझी थोरली बहीण अक्का खाली बघत म्हणाली, "श्वास थांबला तर मशीन लावू नका, असा कागद केलाय त्यांनी. मीच वाचून दाखवला, अडखळत."

घरातला पहिला पदवीधर मी. मी वाचून दाखवल्याशिवाय आबांनी कधी कुठल्या कागदावर अंगठा उठवला नव्हता. त्यासाठीच तर त्यांनी मला कौतुकानं शिकवलं, असं मी आजवर मानत आलो.

"आबा, मला का नाही सांगितलं?"

"तू वाचलं असतंस रे. अंगठा लावू दिला नसतास."

खरं होतं ते. तरी फसवल्यासारखं वाटलं. मी शाई पुन्हा पुसायला गेलो, तर आबांनी अंगठा आत घेऊन मूठ मिटली.